मान वर

मानदुखीसाठी मी फिजिओथेरपीला जायचे, तिथे शेजारच्या खुर्चीत सुमनताई असायच्या; त्या घरी शिलाईकाम करायच्या. कपाळावर मानेची हालचाल टिपणारा पट्टा, समोर यंत्राचा पडदा, त्यावर मानेची रेघ. मान जरा झुकली की यंत्र कर्कश वाजायचं.

“पडद्यावरचं नीट दिसत नाही हो,” एके दिवशी त्या म्हणाल्या.

“मान वर, ताई,” थेरपिस्ट मुलगी म्हणाली.

सोबत आलेले त्यांचे यजमान यंत्र न्याहाळत होते. “चुकलं की लगेच ओरडतं. घरी न्यायला मिळेल का? माझा घसा तरी वाचेल.”

सगळे हसले. मीही हसले. माणसाची चूक दाखवायला आपल्याला किती उत्साह असतो. दुखतंय कुठे, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही.

सुमनताईही हसल्या. डोळ्यांतलं पाणी गालांवर ओघळलं, तरी त्यांनी मान हलवली नाही.