पोरीच्या मनगटावरचा हात

“हिचं हृदय ठणठणीत आहे,” हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले आणि मी आणखीच घाबरलो. हृदयाचं काही निघालं असतं तर निदान औषध तरी कळलं असतं. मग माझ्या पंधरा वर्षांच्या वैष्णवीचा श्वास वर्गात बसल्या बसल्या का अडकत होता?

“पॅनिक अटॅक,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे धोका काहीच नसतो, पण शरीराला वाटतं आता जीव जाणार. ईसीजी चांगला, रक्त चांगलं. मला काही पटेना. माझा धाकटा भाऊ अशीच छाती धरून बसला होता. दवाखान्याच्या वाटेवर ऑटोतच गेला.

वारंगा फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. ट्यूब पाण्यात बुडवली की हवा कुठून जाते ते लगेच दिसतं. पोरीचं मात्र काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्या डान्स मूव्हमेंट थेरपी करतात. तोंडानं सांगता येत नाही ते अंगाच्या हालचालीतून बाहेर काढायचं, असं त्यांनी समजावलं. मी भडकलोच.

“पोरीचा जीव चाललाय न् तुमी तिला नाचायला काहून लावून राहिले?”

मॅडम रागावल्या नाहीत. वैष्णवीनं मात्र मान खाली घातली.

मी बाहेर बाकड्यावर बसायचो. आतून नुसती पावलं ऐकू यायची. ती थांबली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एकदा तर मी दार ढकलून आत डोकावलो.

तेव्हा मॅडमनी मलाच आत घेतलं. मी वरातीतही न नाचणारा माणूस, भिंतीला चिकटून उभा राहिलो.

“वैष्णवी, भीती कशी असते ते करून दाखव,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ती छाती धरेल. ती मॅडमजवळ गेली. त्यांचं मनगट धरून नाडी चाचपली, अन् वाकून, डोळे फाडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

तो मी होतो. जेवताना, अभ्यासाला बसल्यावर, शाळेच्या फाटकात मी तिला असंच धरायचो. मॅडमसमोर मला रडू फुटलं.

तुमच्या लेकराला असं होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, सगळ्या तपासण्या करा. मग घरातल्या मोठ्यांनी जरा स्वतःकडेही बघा. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. अटॅक कमी झालेत, थांबलेले नाहीत, आणि माझी भीतीही गेलेली नाही.

परवा परीक्षेला निघताना दारातच तिचा श्वास अडकला. माझा हात तिच्या मनगटाकडे निघाला होता, तो कसाबसा आवरला. तिनं पाय रोवले, दोन्ही हात हळूहळू वर नेले, हळूहळू खाली आणले. पुन्हा वर, पुन्हा खाली. चेहऱ्यावर रंग आला तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली,

“पप्पा, आता तुमी श्वास सोडा की. कवापासून धरून राहिले.”

मी सोडला. मग ती पेपरला गेली.