न पिणाऱ्याचा दाखला

दारू न पिण्याचा एवढा डंका पिटणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय अख्ख्या खान्देशात दुसरा दाखवा, मी जन्मभर बिनमिठाचं वरण खाईन. सावद्याला केळीचा व्यापार, आवाज असा की तिथे बोलले तर रावेरला ऐकू जावा, आणि लिव्हर मात्र पार कामातून गेलेलं. लहानपणी गावात एकाच सुईने सगळ्यांना टोचायचे, तिथून कावीळ रक्तात शिरली ती मुक्कामालाच राहिली. पण लिव्हर म्हटलं की आपले लोक आधी डोळा मारतात. म्हणून साडूंनी डॉक्टरांकडून ‘रुग्ण मद्यपान करीत नाही’ असा शिक्क्याचा दाखला घेतला, लॅमिनेट केला आणि चक्क गळ्यात अडकवला. भुसावळच्या एका लग्नात नवरानवरी बाजूला राहिले आणि लोक साडूंबरोबर फोटो काढत सुटले. “वाचा भो, बठ्ठे वाचा!” म्हणत ते पंगतीत सगळ्यांपुढून फिरत होते. मी आपली मान डोलावली. मनात म्हटलं, न पिणारा माणूस एवढा कशाला ओरडेल?

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या रक्तात प्रथिनं वाढलेली निघाली. झालं! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या अक्कांनी, घरातली सगळी उडदाची डाळ शेजारी वाटून टाकली. भरीत पार्टीत उडीद घातलेली कळण्याची भाकरी साडूंनी फक्त दुसऱ्यांच्या ताटात पाहिली. महिन्याभरात गडी निम्मा झाला. जळगावच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारून साडूंना सांगितलं. “अहो नाना, ही डाळीतली प्रथिनं नव्हेत. रक्तातली ही प्रथिनं शरीरातल्याच प्लाझ्मा पेशींनी बनवलेली असतात. लिव्हर वर्षानुवर्षं आजारी असलं की त्या सगळ्याच जोरात कामाला लागतात. कधी मात्र त्यातला एकच गट माजतो, तो कॅन्सरही असू शकतो. तपासणीच्या आलेखात पसरट टेकडी आली तर लिव्हरचा प्रताप. एकच उंच सुळका आला तर काळजी. आणि डाळ खा!”

बाहेर येऊन साडू म्हणाले, “सुळकाच येवो. कॅन्सरवाल्याले कोणी बेवडा म्हणत नाही.”

“जिभेला काही हाड?” म्हणत अक्का तिथेच रडायला लागल्या.

पुढचे आठ दिवस या माणसाने केळीच्या घडाकडे पाहिलं नाही की फोन उचलला नाही. मी धुळ्याहून मुद्दाम गेलो. तपासणीच्या अहवालाचा बंद लिफाफा माझ्या हातात देत म्हणाले, “तू वाच. मले चष्मा सापडत नाही.” चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

टेकडी होती. टेकडीवर एक बारीकसं टोकही होतं. तसाच अहवाल घेऊन जळगावला गेलो. डॉक्टर म्हणाले, आज काही करायचं नाही, पण अशा लिव्हरवाल्यांमध्ये हे टोक कधीकधी वाढतं, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं.

साडूंनी डोळे पुसले. मग गळ्यातला दाखला काढून माझ्या गळ्यात घातला.

“मला कशाला?”

“लग्नात लोक हसत होते, त्यांचं काही नाही. तू मान डोलावली, पण तुले पटलं नव्हतं. मले दिसलं ना रे भो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दाखला आता माझ्या कपाटात आहे. दर सहा महिन्यांनी साडूंना घेऊन मी जळगावला जातो, आणि लिफाफा हातात आला की मलाही चष्मा सापडत नाही.