एकोणीस माणसांची धास्ती

चित्रं काढली की मन शांत होतं म्हणे! दौंडच्या आमच्या क्लासात मी जेवढा घाबरलो, तेवढा मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसूनही कधी घाबरलो नव्हतो. असे किस्से इतके साठलेत, की चहा आला की एक तरी निघतोच.

मी रेल्वेत गार्ड. दर रविवारी सरांकडे आम्ही तिघं ऑइल पेंटिंग शिकायचो: मी, केडगावच्या नर्स सुनंदाताई आणि वरवंडचे सत्तरीतले शेतकरी आप्पा.

पहिल्याच दिवशी सरांनी भिंतीवर एका जुन्या परदेशी चित्राचा प्रिंट लावला. हरलेला राजा, जिंकलेला सेनापती, शिपाई, रडणाऱ्या बायका. मोजली तर एकोणीस माणसं!

"हे कॉपी करायचं."

ताईंनी हळूच विचारलं, "सर, आधी एखादा आंबा काढला तर?"

"आंबा चुकला तर कुणाला कळत नाही. माणूस चुकला की तो तुमच्याकडं बघायला लागतो!"

*

सरांची पद्धत अशी, की आधी सगळं चित्र तपकिरी रंगात करायचं, डोळे सगळ्यात शेवटी. ताईंनी कॅनव्हास तसाच घरी नेला आणि बाहेरच्या खोलीत ठेवला. दुपारी सासूबाई पाणी प्यायला उठल्या. समोर एकोणीस बिनडोळ्यांची माणसं! किंकाळी पार शेजारच्या गल्लीत गेली.

पुढच्या रविवारी ताई चित्र साडीत गुंडाळून परत घेऊन आल्या.

"सर, सासूबाई म्हणतात, आजच्या आज त्यांचे डोळे काढ!"

*

तेल पुसलेल्या चिंध्या आम्ही खोक्यात कोंबून ठेवायचो. तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात, हे सर पहिल्या दिवसापासून सांगत होते. आम्ही ऐकलं नाही. एका दुपारी व्हरांड्यात डबे खात होतो, तर दारातून धूर!

मी हातातला डबा घट्ट धरून उभा राहिलो. आप्पा मात्र आत पळाले.

"आप्पा, मागं फिरा!" ताई ओरडल्या. सर पाण्याची बादली घेऊन धावले. तेवढ्यात आप्पा खोकत बाहेर आले. तिन्ही कॅनव्हास छातीशी, पांढऱ्या सदऱ्यावर राजाची ओली दाढी उमटलेली.

"अहो, जीव गेला असता!" मी म्हणालो.

"आरं, सत्तावन्न माणसं हुती आत!"

*

आप्पांचं चित्र संपतच नव्हतं. अठरा चेहरे झाले, कडेचा एक तरुण शिपाई राहिला. तो चेहरा ते काढायचे आणि टर्पेंटाइननं पुसून टाकायचे. एकदा मी विचारलं.

"भ्या वाटतं," आप्पा हळूच म्हणाले. "तिथं आमच्या पोराला काढतोय, दादाला. घर सोडून गेला, आठ वर्सं झाली, पत्ता न्हाई. येकबी फोटू ठिवला न्हाई त्यानं. काढाय गेलो आन् दुसराच कोन निघाला तर?"

शेवटी एका रविवारी त्यांनी तो चेहरा पुसला नाही. नेमक्या त्याच दिवशी मामी, म्हणजे आप्पांची बायको, चित्र बघायला आल्या. घरात दादाचं नावही निघत नव्हतं. आप्पा दाराआड जाऊन उभे राहिले. सर, ताई आणि मी हातातले ब्रश खाली ठेवले.

मामी राजापासून एकेक माणूस बघत कडेला आल्या. थांबल्या. मग मागं न बघता म्हणाल्या,

"अवो, हनुवटीवरचा वण डाव्या अंगाला हुता."