मी चुलीत घातलेली आमरी

लग्न होऊन वरोऱ्याहून मी गडचिरोलीकडच्या जंगलात आले, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. जिल्हा तेव्हा एकच, चांदा, आणि आम्ही अजून मध्यप्रदेशात होतो. माहेर कापसाच्या बाजारातलं. झाड म्हणजे अंगणातला कडुनिंब, एवढीच माझी ओळख. सासरी माझ्यासकट माणसं तीन. यजमान लाकडाच्या डेपोत कारकून, दिवसभर बाहेर. सासरे जंगलखात्यात नाकेदार होते, आदल्याच वर्षी निवृत्त झालेले. फार बोलत नसत.

चैत्रातली सकाळ होती. चूल पेटेना, लाकडं ओली. पडवीच्या तारेला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी काही काटक्या बांधून टांगल्या होत्या. त्यांच्यावर हरभऱ्याएवढ्या सुकलेल्या गाठी, पान एकही नाही. कुणीतरी सरपण वाळत घातलंय असं मला वाटलं. त्यातली सगळ्यात वाळकी काटकी मी ओढली आणि चुलीत घातली. तडतडून पेटली.

इतक्यात सासरे पाण्याचा गडवा घेऊन पडवीत आले.

"इथची काडी कुठी गेली?"

मी चुलीकडे बोट दाखवलं. ते धावतच आत आले, खाली बसले आणि त्यांनी उघडा हात जाळात घातला. पेटती काटकी बाहेर काढली, जमिनीवर आपटून विझवली. हाताची कातडी डोळ्यांदेखत लाल होत गेली. मी हातातली फुंकणी धरून तशीच उभी. 

"बाई, ते जित्तं होतं वो," एवढंच ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनीच पडवीतली दुसरी काटकी आणली आणि एका गाठीवर नख ओढलं. आत हिरवंगार, ओलं. "ही आमरी. झाडाच्या फांदीवरच जगते, फुलते. उन्हाळ्यात पानं टाकते अन् निजते. सकाळी दोन थेंब पाणी शिंपडाचं, बस. पावसात उठते." बाकीच्या टांगलेल्या वेगळ्या जातींच्या; जळाली त्या जातीची त्यांच्याकडे ती एकच होती. नऊ वर्षांपूर्वी एका ऐनाच्या झाडाखाली मोडून पडलेल्या फांदीवर सापडलेली. एवढ्या वर्षांत दुसरी दिसली नव्हती.

माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. तिसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून ते म्हणाले, "चाल, त्या झाडापाशी जाऊन येऊ. एखादी पडली असंल तर पाहू."

शेजारच्या बैलगाडीतून आम्ही निघालो. दोन-अडीच तासांनी जंगल दाट होईल म्हणून मी वाट पाहत होते, तर समोर एकदम उजेड आला. इतका, की डोळे मिटले. कूप, म्हणजे खात्यानं तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, तोडला होता. जिथवर नजर जाईल तिथवर झाडं आडवी. सासरे गाडीतून उतरले आणि उभेच राहिले.

त्यांचा तो ऐनही पडला होता. बुंधा बाजेएवढा रुंद. शेंड्याच्या फांद्या कुऱ्हाडीनं छाटून बाजूला टाकलेल्या, आणि त्या फांद्यांवर, सालीच्या प्रत्येक भेगेत, त्याच हरभऱ्याएवढ्या गाठी. शेकडो. हजारो असतील. काही गाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या, काही उन्हात काळ्या पडलेल्या. जमिनीवरून ज्या कधी कुणाला दिसल्याच नसत्या. नऊ वर्षं ज्याला ते एकुलतं समजत होते, ते वर दाटीनं नांदत होतं.

"मामाजी, पाहा ना किती..." म्हणत मी वळले, तर ते बुंध्यापाशी बसले होते. तोडायच्या झाडाच्या बुडाशी जंगलखातं हातोड्याचा ठसा मारतं. त्या ठशावरून ते बोट फिरवत होते.

"हा माहाच हातोडा होय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मागच्या साली मारला, नोकरी सुटाच्या आधी. ओळ धरून बुडंच पाहत चाललो. वर मान करून पाह्यलंच नाई वो."

 मी एक काटकी जाळली होती, आणि तिच्यासाठी तीन दिवस रडत होते.  मी पदर खोचला आणि जिवंत वाटतील त्या फांद्या तोडून टोपलीत भरू लागले. थोड्या वेळानं तेही एका हातानं भरू लागले.

घरी आल्यावर सालीचे तुकडे पडवीभर टांगले. चिंध्या मी बांधत गेले, ते सांगत गेले: घट्ट नको, मुळाले हवा पाह्यजे. विहिरीचं पाणी नको, जड असते. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त सडल्या. उरल्यांना आषाढात नखाएवढे कोंब फुटले.

भाद्रपदात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि हातात भिंग दिलं. एका कोंबावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पिवळं दिसत होतं. भिंग धरलं, आणि त्या कणीत पाकळ्या होत्या, मधोमध जिभेसारखी एक लोंबती पाकळी, तिच्यावर तांबडे ठिपके, ठिपक्यांच्या कडेला बारीक लव.

"दिसलं काय वो?" सासऱ्यांनी विचारलं.

मी भिंग तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं त्या काटकीची चिंधी थोडी सैल केली.