तांबडा पट्टा, निळा पट्टा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते अकोल्याच्या सगुणामावशींचे, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत माझे बूट काढून घेतले होते. अकोले म्हणजे विदर्भातले अकोला नव्हे, आमच्या नगर जिल्ह्यातले, डोंगराकडचे. आई-वडील आणि शाळेतले गुरुजी यांचे उपकार आहेतच. पण त्यांच्यापैकी कोणी मला भर बाजारात अनवाणी उभे केले नव्हते.

मी सोनईचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील उसाच्या बैलगाड्या हाकायचे. वेगाशी आमच्या घराण्याचा संबंध एवढाच. बी.एस्सी. झाल्यावर एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरी लागली. काम सोपे होते. अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जायचे, विहिरीचे पाणी निर्जंतुक बाटलीत भरायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि ठरल्या वेळेत नगरला पोहोचवायचे. सहा महिने नीट गेले तर कायम, नाहीतर घरी. अर्जात 'मोटारसायकल चालवता येते का?' असा एक प्रश्न होता. मी 'होय' लिहिले होते. कॉलेजात असताना मित्राच्या गाडीवर परवाना काढला होता, पण त्यानंतर गाडीला हातही लावला नव्हता.

डोंगरातल्या वाड्यांना एसटी दिवसातून एकदा, तीही तिची मर्जी असेल तर. म्हणून भाड्याने गाडी शोधत फिरलो, तेव्हा स्टँडजवळच्या चहावाल्याने पत्र्याच्या शेडकडे बोट केले. शेडमध्ये सात जुन्या मोटारसायकली आणि एका खुर्चीत सगुणामावशी. पन्नाशी उलटलेली, नऊवारीचा काष्टा, मांडीवर स्पॅनर. नवरा मेकॅनिक होता. तो गेल्यावर त्याची हत्यारे आणि गाड्या मावशींकडे आल्या.

सोनईचा, बैलगाडीवाल्याचा मुलगा अशी ओळख सांगून मी आधार कार्ड पुढे केले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"बूट काढ."

"बूट?"

"डिपॉझिट. कागुद खोटा निघतो, पाव्हणं. पाय खोटा निघत न्हाई."

नोकरी लागली म्हणून वडिलांनी घेतलेले माझे काळे बूट त्यांनी एका खोक्यात ठेवले आणि रबरी स्लिपरचा एक जोड पुढे टाकला. डावीचा पट्टा तांबडा, उजवीचा निळा. सगळ्या गिऱ्हाइकांना तसलाच जोड. एकदा कोणीतरी खोट्या कागदावर गाडी पळवली होती, तेव्हापासूनचा हा नियम. राजूरपासून घाटघरपर्यंतच्या टपरीवाल्यांना ही खूण पाठ होती. तांबडे-निळे पाय दिसले की कोणीतरी शेडमधला फोन वाजवणार: "तुमचं गिऱ्हाईक आत्ता इथून गेलं. भज्यांवर भजी हाणतंय." तांबड्या-निळ्याला दारू द्यायची नाही, हाही सगळ्या रस्त्याचा कायदा होता. सरकारने एवढे कॅमेरे लावले, पण भज्यांची खबर एकाही कॅमेऱ्याने दिलेली नाही.

गाड्यांना त्यांनी नावे ठेवली होती. "हा जावई. पितो लई, चालतो कमी. ही सासू. पुढं जाईल, पन मागं कुरकुर चालूच. अन् हा नवरदेव. दिसायला झ्याक, पन चार जनांनी ढकलल्याबिगर जागचा हलत न्हाई." मी नवरदेव निवडला. किक मारली, क्लच सोडला आणि समोरच्या भाजीवाल्याच्या कोबीत जाऊन थांबलो.

मावशी खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "सोनईकर, तुला येत न्हाई."

"सवय गेलीय मावशी."

"सवय जायाला आधी यावी लागती."

पुढचे तीन दिवस पहाटे त्यांनी मला बाजाराच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकवली. त्या मधोमध उभ्या राहायच्या आणि मी त्यांच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरायचो. "खाली काय बघतोस? गिअर काय पळून चाललाय? म्होरं बघ! बैलगाडीवाल्याचा पोरगा ना तू? बैलाच्या शेपटीकडं बघून कोनी गाडी हाकतं का?" चौथ्या दिवशी मी घाट चढलो. उतरताना रडलो, पण ते हेल्मेटच्या आत.

बुटांखेरीज त्यांचा आणखी एक नियम होता. जाताना कामाच्या रस्त्याने जायचे, येताना बिनकामाच्या रस्त्याने यायचे. आणि परत आल्यावर काय पाहिले ते सांगायचे, त्याशिवाय बूट नाहीत. पहिल्या वेळी मी भंडारदऱ्याच्या तळ्याला वळसा घालून आलो आणि म्हणालो, "निसर्ग फार छान होता."

"निसर्ग म्हंजी काय रं? झाड सांग, दगूड सांग, म्हस सांग. छान काय, जेवनालाबी म्हनत्यात अन् मयताच्या गर्दीलाबी म्हनत्यात."

मग मला पाहावेच लागले. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून मोबाईलवर भांडणारा म्हातारा. पाण्यात उलटा पडलेला आख्खा डोंगर आणि त्याच्या शेंड्यावरून पोहत जाणारे बदक. मी सांगायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. त्यांचे माहेर देवळाली प्रवरेचे, सपाट उसाचा मुलूख. "लगीन हून आले अन् डोंगूर बघून रडले," म्हणायच्या. "म्हनलं, ही भिंत कोनी पाडत का न्हाई?" इतकी वर्षे गाड्या भाड्याने देऊन त्या स्वतः मात्र एकदाही तळ्याला वळसा घालून आल्या नव्हत्या. मी विचारले तर म्हणाल्या, "मी गेले तर गाड्यांपाशी कोन? तुझा साहेब बसनार का?"

सहावा महिना संपत आला. दुसऱ्या दिवशी अकराला नगरच्या कार्यालयात साहेबांपुढे जायचे होते. कायम की घरी, ते तिथे ठरणार होते. त्या दिवशी पाच विहिरी होत्या, सकाळी मावशींना वाड्यांची नावे सांगून निघालो होतो. चार झाल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पाचवी तळ्यापलीकडच्या, रतनवाडीजवळच्या एका वाडीची. तिकडे गेलो असतो तर नगरची शेवटची गाडी चुकली असती. मी चौथ्या विहिरीवरच आणखी एक बाटली भरली, तिच्यावर पाचव्या वाडीचे नाव लिहिले आणि सरळ रस्त्याने परत आलो.

"काय बघितलंस?" मावशींनी विचारले.

"रतनवाडीचं देऊळ. तळ्यात बगळे होते."

"च्या घेतलास?"

"घेतला की. देवळाजवळच्या टपरीवर."

मावशींनी मागच्या पत्र्याला चिकटवलेली लग्नपत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. "वाच. मोठ्यानं वाच."

त्याच टपरीवाल्याच्या मुलीचे लग्न होते. आज हळद, उद्या संगमनेरला लग्न. टपरी दोन दिवस बंद होती.

मी तारखेपाशी येऊन वाचायचा थांबलो. मावशी बर्फाच्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "तिकडं गेलाच न्हाईस. मग त्या वाडीचं पानी कुठलं?"

मी सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या हसल्या, आणि ते जास्त वाईट होते.

"दुसऱ्याच्या हिरीचं पानी अन् वर नाव त्यांचं! मेल्या, उद्या एखाद्याच्या नावावर म्हशीचं मूत चढवशील अन् सांगशील, तू गाभन हाईस! त्या बाया तुझ्या कागदावर इस्वास ठिऊन पानी पिनार."

"मावशी, उद्या साहेबांपुढं जायचंय. बूट तरी द्या."

"बूट न्हाई मिळायचे. हिरीवर जाऊन ये, मग बघू."

खोटी बाटली मी त्यांच्यासमोर ओतून दिली. त्या रात्री मावशींच्या ओळखीच्या एका घरी मुक्काम केला. उजाडताच नवरदेवला ढकलले. तळ्याला वळसा घालून वाडीवर पोहोचलो, तर विहिरीवर बायकांची रांग. एकीने माझे पाय पाहिले आणि ओरडली, "सगुणाबाईचं आलं गं!" सगळ्यांनी हंडे बाजूला घेतले आणि मला आधी पाणी भरू दिले. एकाही बाईने विचारले नाही की काल का आला नाहीस. त्या रांगेसमोर मी बाटलीचे बूच लावले आणि वर त्यांच्या वाडीचे नाव लिहिले.

अकोल्यात परत आलो तर शेडला कुलूप. एरवी गाड्या न सोडणाऱ्या मावशी संगमनेरला लग्नाला गेल्या होत्या, आणि माझे बूट आत होते. गाडीची किल्ली ठरलेल्या डब्याखाली ठेवून मी तसाच एसटीत बसलो.

नगरला साहेबांपुढे पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि खाली एक तांबडी, एक निळी. तिघे साहेब टेबलावरून वाकून माझे पाय बघत होते.

"हे काय आहे?"

मी सगळे सांगितले. गाडी येत नव्हती ते, कोबी, खोटी बाटली, लग्नपत्रिका. मधल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा माझ्या पायांकडे पाहिले. "बाटली ठेवा," एवढेच म्हणाले. मला कायम केले नाही, घरीही पाठवले नाही. मुदत तीन महिन्यांनी वाढवली.

दोन दिवसांनी निकाल आला. पाचव्या विहिरीचे पाणी पिण्यालायक नव्हते. चौथीचे उत्तम होते. माझी खोटी बाटली सहज पास झाली असती. वाडीला तातडीने कळवले आणि विहीर उपसायला घेतली. मी धावत मावशींकडे गेलो. त्यांनी खोक्यातून बूट काढून पुढे ठेवले, स्लिपर मात्र परत मागितल्या नाहीत. मी वाढलेल्या मुदतीचे, निकालाचे सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "ते झालं. येताना रस्त्यात काय बघितलंस?"

यथावकाश मी कायम झालो, मग बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आलो. जिथे कामाला जातो तिथे आधी भाड्याची गाडी शोधतो आणि येताना बिनकामाचा रस्ता धरतो. गेल्या महिन्यात मावशींचा फोन आला. गुडघे गेले म्हणाल्या. किक बसत नाही. सहा गाड्या विकल्या, उरला तो एकटा नवरदेव. त्यालाही गिऱ्हाईक आले आहे. फोन ठेवला आणि पत्र पाठवले. ते असे:

"ती. सगुणामावशींस शिरसाष्टांग नमस्कार.

नवरदेव विकू नका. निदान येत्या रविवारपर्यंत नको.

मी शनिवारी मुक्कामाला येतो. रविवारी सकाळी आपल्याला तळ्याला वळसा घालायचा आहे. गाडी मी चालवणार, तुम्ही मागे बसायचे. कोबीवाल्याला आधीच सांगून ठेवा. घाटात खाली बघणार नाही, समोरच बघीन.

निघताना तुमच्या चपला शेडमधल्या खोक्यात ठेवायच्या. नियम सगळ्यांना सारखा. नगरला घालून गेलो होतो ती तांबडी-निळी जोडी अजून माझ्याकडेच आहे. ती घेऊन येतो. घालायची तुम्ही.

परत आल्यावर काय पाहिले ते तुम्ही मला सांगायचे. छान म्हटलेले चालणार नाही.

आणि मावशी, तांबडे-निळे पाय दिसले की टपरीवाले फोन लावणारच. शेडमध्ये तो वाजत राहील. वाजू द्या.

तुमचा,
सोनईकर"