धर्मामामा आणि छातीचं हाड

मेलेला पक्षी दिसला की धर्मामामा आधी त्याची छाती चाचपायचे. वैशाखरे गावातल्या आमच्या शाळेचे ते शिपाई. घंटा द्यायला निघालेला हा माणूस वाटेत पडलेल्या पारव्यापाशी उकिडवा बसला, की तास पाच मिनिटं लांबलाच म्हणून समजा! मी वैतागायचे. ते शांतपणे म्हणायचे, "बाई, हाय ते कोन पन बगतो. नाय ते बगायचा."

मी विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरी तात्पुरती, आणि कायम होणं शिक्षण खात्याच्या साहेबांच्या तपासणीवर. पाठ निवडला आर्किऑप्टेरिक्सचा, म्हणजे दगडात पिसांसकट उमटलेल्या आदिम पक्ष्याचा. अंगावर पिसं, पण तोंडात दात आणि पालीसारखी हाडांची लांब शेपटी. त्याच्या चित्राशेजारी कोंबडीचा सांगाडा मांडायचं ठरवलं. मामांनी घरची कोंबडी दिली आणि मुंग्यांनी हाडं साफ करावीत म्हणून वारुळापाशी टोपलीखाली ठेवली. टोपलीवर धोंडा ठेवायचा मात्र विसरले.

तपासणीच्या सकाळी बघते तो काय, छातीचं हाड कुत्र्यानं पळवलेलं! मी रडकुंडीला आले. "मामा, घात केलात माझा!" त्यांनी पुस्तक उचलून खिडकीशी नेलं, चित्रावरून बोट फिरवत राहिले.

"बाई, ह्याला तरी कुठं हाय? कोंबडीच्या छातीवर नांगराच्या फाळासारखा हाड. मांस त्यालाच धरून, पंखाला जोर पन त्याचाच. ह्याला पिसं हायेत, पन तो हाड नाय. लांब नाय उडणार हा."

माझ्या जाड पुस्तकात जवळपास हेच लिहिलेलं, आणि मी शहाणी ते वाचून विसरले होते.

मग सांगाडा त्या हाडाविनाच मांडून पाठ घेतला. मुलांना विचारलं, "या दोघांमध्ये काय नाही, सांगा." वर्गात नुसता कल्ला! पिसं असून हा कितपत उडत असेल, यावर पोरं हमरीतुमरीवर आली. साहेब खूश. "ते हाड काढून सांगाडा मांडायची कल्पना कोणाची?" पाण्याचे पेले घेऊन मामा दारातच उभे होते. मी म्हणाले, "माझी."

मामांनी पेले टेबलावर ठेवले आणि गेले. मी कायम झाले.

त्यांच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. पुढे चीनमध्ये पिसांचे डायनोसॉर सापडल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तर कात्रण घेऊन आधी माझ्याकडे यायचे. "बगा, पिसं हायेत. आता काय नाय ते सांगा!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी मी गप्पच बसायचे.

दोन हजार साल उलटल्यावर ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर घडलं ते सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या. मामा खाली मान घालून बसले होते.

नंतर व्हरांड्यात गाठून विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत?"

"नाय ते बगायची सवय हाय ना. त्या दिशी माझा नाव नाय आला, तेवढा बगितला होता." सत्काराचा नारळ काखेत धरत ते हसले. "आज आला ना? झाला तर! पन बाई, त्या कुत्र्याचा नाव ऱ्हायला की तुमच्या भाषणात."