मावशीने वाटलेला खरवस

मावशीच्या डाव्या छातीत हाताला गाठ लागली, तेव्हा तिने ते फक्त माझ्या आईला सांगितलं, आणि तेही कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घालून. आमच्या घराण्यात शपथ घातलेली बातमी जरा जास्तच वेगाने पळते. संध्याकाळपर्यंत ती माझ्यापर्यंत आली होती. म्हसळ्याच्या अलीकडे असलेल्या तिच्या गावात मात्र कुणाला पत्ता नव्हता, आणि मावशीला तेच हवं होतं.

तपासायला जा म्हटलं की ती म्हणायची, "वाल निघूं दे." वाल निघाले की भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचे राब भाजायचे, राब भाजले की कुणाचं तरी लग्न. भीतीला कामाचं नाव देण्यात ती फार हुशार. मला तिचा भयंकर राग यायचा, आणि रागापेक्षाही भीती जास्त वाटायची. शेवटी आई म्हणाली, "तुझं कामच ते आहे ना? मग तूच जाऊन तिला पटव."

काम माझं खरंच त्यातलं. नवी मुंबईजवळच्या एका प्रयोगशाळेत आम्ही उजेड आणि आवाज यांची जोडी लावून शरीराच्या आत बघायचा खटाटोप करतो. नुसता उजेड मांसात फार आत सरळ जात नाही. वीज गेल्यावर लहानपणी टॉर्चवर तळहात ठेवून पाहिला असेल, तर आठवेल, सगळा हात लाल दिसतो, पण आतलं हाड काही दिसत नाही. उजेड आत जातो, पण वाट चुकतो. आवाज तसा भरकटत नाही. म्हणून आम्ही लेझरचा अगदी क्षणभराचा झोत टाकतो. तो आतल्या रक्ताने शोषला की रक्त केसभर गरम होतं, किंचित फुगतं आणि बारीकसा आवाज करतं. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, पण सोनोग्राफीला वापरतात तसला दांडा कातडीला टेकवला की पकडता येतो. वाईट गाठीभोवती रक्तवाहिन्यांची गर्दी असते, त्यामुळे तिथून आवाज जास्त येतो. एवढंच. एवढ्यासाठी आमची डोकी पिकली.

यंत्राला सराव म्हणून आम्ही खोटं मांस बनवतो. दूध, पाणी आणि चायना ग्रास उकळून साच्यात ओतायचं, आणि आत शाई घातलेली एक घट्ट गोळी पुरून ठेवायची. ती गाठ. मी ठरवलं, असा एक गोळा मावशीकडे न्यायचा, तिला एकटीला माजघरात बसवायचं, दाबून बघायला लावायचं आणि गोडीगुलाबीने पटवायचं. ताजा गोळा घरीच बनवला, स्टीलच्या डब्यात भरला आणि एसटीने निघाले. पोचल्या पोचल्या डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि आंघोळीला गेले. इथेच सगळं बिनसलं.

कारण त्याच आठवड्यात शेजारणीची गाय व्याली होती. गाय व्याली की घरोघर खरवसाचा डबा जातो, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मावशीने फ्रीज उघडला, पांढरा, थुलथुलीत गोळा पाहिला, आणि शेजारीण येऊन ठेवून गेली असं समजून चालली. पडवीत चारपाच बायका वाल सोलत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे बशा मांडल्या गेल्या.

मी केस पुसत बाहेर आले, तोवर कडेकडेच्या वड्या संपत आल्या होत्या.

"साखर इसरली बाय," एक म्हणत होती.

"पहिलटकरीन गाय हाय, तिच्या चिकाला गोडी नसतेच," मावशीने शेजारणीची बाजू सावरली आणि वरून किसलेला गूळ भुरभुरला. मग तिने मधोमध सुरी घातली आणि आत काळी गोळी दिसली. "आनि ह्ये काय घातलंन? जायफळ?"

"मावशी, ते खायचं नाही," मी म्हणाले.

"का? इटाळ हाय का काय?"

आता खोटं तरी काय बोलणार? मी सांगून टाकलं की तो खरवस नाही, खोटी छाती आहे, आणि ते जायफळ म्हणजे गाठ आहे. पडवीत वालाची साल पडलेली ऐकू आली असती. सगळ्यांत म्हातारी जी होती, तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि घास मात्र होता. तिने तो शांतपणे गिळला.

"गेला आता," ती म्हणाली. मग विचार करून, "कुनाची हाय पन?"

"कुणाची नाही, आजी. दूध आणि चायना ग्रास."

"मंग काय मरत न्हाय," म्हणून तिने बशी पुढे केली. शाई लागलेला भाग मी घाईघाईने बाजूला घेतला. हसू मला आवरत नव्हतं आणि माझा सगळा बेत पाण्यात गेला म्हणून रडूही येत होतं.

पण बायकांना आता वेगळाच चेव आला. गोळीसकट बाजूला काढलेला उरलेला गोळा हातोहात फिरू लागला. गाठ कशी लागते ते प्रत्येकीला दाबून बघायचं होतं. मीही संधी साधली. उजेड काय करतो, आवाज कुठून येतो, सगळं सांगितलं. "म्हंजी बत्ती मारायची नि कान लावायचा," म्हातारीने माझी इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात गुंडाळली. कुणी आपल्या हाताला कुठे, कधी, काय लागलं होतं ते सांगू लागली, कुणाची नणंद कशी गेली तेही निघालं. मावशी मान खाली घालून वाल सोलत होती.

फिरत फिरत गोळा तिच्या हातात आला. तिने अंगठ्याने गोळी दाबली. बराच वेळ दाबत राहिली.

"ही मऊ हाय," ती म्हणाली.

"मंग कडक कंची?" म्हातारीने विचारलं.

 मावशीचा हात पदराआड डाव्या बाजूला गेला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. इतके दिवस जपलेली गोष्ट अशी भर पडवीत उघडी पडली. कुणी हाय खाल्ली नाही की कुणी रडलं नाही. म्हातारीने तिच्या पुढ्यातलं वालांनी भरलेलं सूप आपल्याकडे ओढून घेतलं. "ह्ये आमी सोलतो," ती म्हणाली, "तू उद्या जा."

स्वयंपाकघरात आल्यावर मावशीने मला धरलं. "तुझ्या यंत्राखाली बघ मला. बाकी कुठं मी जायची न्हाय."

"अजून माणसांवर वापरायची परवानगी नाही, मावशी. खूप तपासण्या बाकी आहेत."

"खरवसाला बघता नि मला न्हाय?"

 आम्ही वर्षानुवर्षं दुधाच्या गोळ्यात गाठी शोधतो, आणि माझ्या सख्ख्या मावशीच्या छातीतल्या खऱ्या गाठीपुढे माझे हात रिकामे होते. मला फार लाज वाटली. मी तिला तसं सांगितलं, आणि साध्या, जुन्या तपासणीला चल म्हणून हात जोडले. बायकांना कळल्यावर आता मागे हटायची सोय तिला राहिली नव्हती. जाण्याआधी मात्र तिने गडबडीत माझाच डबा शेजारणीचा समजून घासला, रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात पोहे भरले आणि शेजारणीला देऊन आली. शेजारीण अजून विचारते, की खरवस पाठवायच्या आधीच पोहे कसले आले.

पनवेलच्या एका रुग्णालयात तपासणी झाली. गाठ वाईटच निघाली. पण वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिथेच ऑपरेशन ठरलं. आमची प्रयोगशाळा त्या रुग्णालयातून, रुग्णांच्या संमतीने, काढलेल्या गाठी तपासायला घेते. मावशीने संमतीची सही अशी ठासून केली की पेनचं टोक कागदात रुतलं.

तिचं ऑपरेशन झाल्यावर काही दिवसांनी तिथल्या काही गाठी आमच्याकडे आल्या. मी एकेकीवर उजेड सोडला आणि पडद्यावर उमटणारं चित्र बघत बसले.  त्याच दिवशी मावशीचा फोन आला. आवाज अजून ओढलेला होता.

"माझी दिसली का गं?"

"नाव नसतं मावशी, नुसता क्रमांक असतो. कुठली कुणाची ते आम्हाला कळू देत नाहीत."



"कळायचं काय त्यात? उजेड पडल्यावर जी सगळ्यांत मोट्यानं बोंबलली असंल, ती माझी. इतके म्हयने मी तिला गप बसवली व्हती."